फोटो दाखवायचाय की ठेवायचाय?

ट्रेकचे, पक्ष्यांचे, लेण्यांचे फोटो हौसेने काढणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न असतो: "इन्स्टावर टाकू, की आणखी कुठे?" यात इन्स्टाग्राम फोटोंसाठी आहे असं आधीच धरलेलं असतं. २०१० मध्ये ते तसं होतंही. पण ३० जून २०२१ रोजी तिथले प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी स्वतःच सांगून टाकलं की इन्स्टाग्राम आता फोटो शेअर करण्याचं अ‍ॅप राहिलेलं नाही. त्याच्या वर्षभर आधी भारतात टिकटॉकवर बंदी आली होती आणि लगोलग रील्स आले होते. तेव्हापासून तुमचा कास पठाराचा फोटो कुणाच्या तरी नाचाच्या व्हिडिओशी स्पर्धा करतोय.

तांत्रिक बाजूही बघा. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६०००×४००० चा फोटो देतो. इन्स्टाग्रामचं नेहमीचं माप १०८० पिक्सेल रुंदीचं. म्हणजे आडव्या फोटोतल्या पिक्सेलांचा साधारण तिसावा हिस्सा उरतो. पक्ष्याच्या पिसांचा तपशील टिपायला पहाटे उठून बसलात, तो तिथेच गेला. शिवाय तीन वर्षांपूर्वीचा फोटो शोधायचा तर बोट दुखेपर्यंत खाली सरकवत बसा. लाइक मिळतात, पण बरेचसे 'मी तुला दिला, तू मला दे' या हिशेबातले. घरगुती केक विकणाऱ्यांना किंवा लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना मात्र इन्स्टा सोडून चालणार नाही. त्यांचं गिऱ्हाईक तिथेच आहे. हौशी माणसाला त्याचा उपयोग किती, याबद्दल मला दाट शंका आहे.

फ्लिकर ही फोटोंची वेबसाइट नेमकी उलट. २००४ पासून आहे, आणि आजही तिथे फोटो हाच मुख्य विषय आहे. अल्बम, टॅग, कॅमेऱ्याची सेटिंग्ज, कोणत्या परवान्याखाली फोटो वापरता येईल हे सगळं नीट लावता येतं. अनोळखी माणसाला तुमचा फोटो पाच वर्षांनीही शोधून सापडू शकतो. गोची दोन ठिकाणी आहे. आपली माणसं तिथे नाहीत. आत्याला फ्लिकरची लिंक पाठवलीत तर ती "व्हॉट्सअ‍ॅपवर टाक ना" म्हणणार. आणि फुकटचा शब्द तिथेही पाळला गेला नाही. २०१३ मध्ये फ्लिकरची तेव्हाची मालक याहूने १ टेराबाइट जागा मोफत दिली, २०१८ मध्ये स्मगमग या दुसऱ्या फोटो-कंपनीने फ्लिकर विकत घेतलं, त्याच वर्षी मोफत खात्याला १००० फोटोंची मर्यादा जाहीर झाली.

गूगल फोटोजचीही तीच कथा: २०१५ मध्ये अमर्याद मोफत, १ जून २०२१ पासून सगळं मिळून १५ जीबी, त्यात जीमेलही आलं. तरी शोधण्याची सोय मानावी लागेल. चेहऱ्यावरून, गावावरून, अगदी 'धबधबा' लिहूनही फोटो वर येतो. मात्र हे घरातलं कपाट आहे. इथे ठेवलेलं बाहेरच्या कुणाला आपोआप दिसत नाही. बऱ्याच जणांना तेच हवं असतं.

घरच्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅपच. फोटो नेहमीसारखा पाठवला तर दाबून लहान होतो, म्हणून चांगला फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. पण मग फोटोत नोंदलेलं ठिकाणही सोबत जातं, हे ध्यानात असू द्या. पक्ष्याच्या घरट्याचा फोटो असेल तर तिथवर कुणी पोहोचू नये म्हणून लोकेशन आधी काढून टाका, मग तो कुठेही पाठवा. फेसबुकबद्दल एवढंच, की पक्षी ओळखून देणारे आणि किल्ल्यांचे ग्रुप अजून जागे आहेत. तेवढ्यापुरतं खातं ठेवावं.

या यादीत सहसा न येणारं एक नाव म्हणजे विकिमीडिया कॉमन्स, विकिपीडियावरचे फोटो जिथून येतात तो सर्वांसाठी खुला साठा. एखाद्या आडबाजूच्या किल्ल्याच्या मराठी विकिपीडिया पानावर फोटोच नसतो, किंवा धड नसतो. तुमच्याकडे असेल तर कॉमन्सवर टाका. पूर्ण आकारात राहतो, शाळेतल्या मुलापासून पत्रकारापर्यंत कुणालाही वापरता येतो. अट कडक आहे: नाव देऊन कुणीही तो वापरेल, धंद्यासाठीसुद्धा, आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही. हे मनाला टोचत असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

मला विचाराल तर निवडक फोटो फ्लिकरवर, किल्ले-लेण्यांचे कॉमन्सवर, घरचे व्हॉट्सअ‍ॅपवर. इन्स्टा मूड असेल तेव्हा. मूळ फाइली यांतल्या कुणाच्याही भरवशावर नकोत. गूगलचं ऑर्कुट हे सोशल नेटवर्क ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, फोटो उतरवून घ्यायला पुढे दोन वर्षं मुदत होती, तरी किती जणांना ते सुचलं? पैसे खर्च करायचेच असतील तर आधी दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या आणि त्यातली एक दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवा. सशुल्क खात्याचा विचार त्यानंतर.