डिंगलचे पब आणि स्ली हेडचा रस्ता: एका बेळगावकराचा अभिप्राय

मित्रांसोबत आयर्लंडला जाणाऱ्यांनी डब्लिनच्या टेंपल बार भागात संध्याकाळ घालवण्यापेक्षा पश्चिम किनाऱ्यावरील केरी परगण्यातले डिंगल गाठावे, असे माझे स्पष्ट मत आहे. डब्लिनमध्ये आम्ही ज्या पबमध्ये शिरलो, तेथे दर चढे होते, गाणी पर्यटकांना ओळखू यावीत अशीच निवडलेली होती आणि गोंगाट एवढा की सोबत आलेल्या मित्राशी बोलणेही अवघड व्हावे.

आपल्याकडे बार म्हटला की काळ्या काचा, मंद उजेड आणि ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून धरलेला कोपरा हे ठरलेले असते; चोर्ला घाट उतरून गोव्याला जाण्यातली निम्मी मौज बहुधा या लपवाछपवीतून सुटण्याचीच असते. डिंगलच्या मेन स्ट्रीटवरील 'फॉक्सी जॉन्स'मध्ये मात्र एका बाजूला खिळे-अवजारांचे दुकान आणि दुसऱ्या बाजूला पबचा काउंटर आहे, तर 'डिक मॅक्स'मध्ये जुन्या चर्मकामाच्या दुकानाच्या खुणा जपलेल्या असून समोरच चर्च आहे. अशा ठिकाणी म्हातारे गावकरी, नवराबायको आणि आमच्यासारखे परके एकाच बाकावर बसतात आणि शेजारचा माणूस हवामानापासून सुरुवात करून सहज तुमच्या गावापर्यंत येतो.

येथील रीत समजून घेतली तर आनंद वाढतो. टेबलावर कोणी विचारायला येईल म्हणून वाट पाहू नये; काउंटरवर जाऊन मागावे आणि तेथेच पैसे द्यावेत. गटातील प्रत्येकाने आळीपाळीने सर्वांसाठी मागवायचे असते, त्यामुळे आपली पाळी चुकवणारा लगेच लक्षात येतो. गिनेस या काळसर आयरिश बिअरचा पिंट म्हणजे 568 मिलिलिटर. तो आधी पाऊण भरून स्थिरावू देतात आणि मग वरून पूर्ण करतात, तेव्हा मधल्या वेळात घाई करणे शोभत नाही. आमच्यातील न पिणाऱ्या मित्राने चहा आणि मद्यार्कविरहित गिनेस यांवर संध्याकाळी निभावल्या आणि त्याला कोणी आग्रह केला नाही. शाकाहाऱ्यांची मात्र थोडी पंचाईत होते: भाज्यांचे सूप आणि ब्राउन ब्रेड यांपलीकडे फारसे मिळत नाही, शिवाय अनेक स्वयंपाकघरे रात्री नऊच्या सुमारास बंद होतात.

संगीताला व्यासपीठ नसते. फिडल म्हणजे व्हायोलिन, बासरी, कॉन्सर्टिना हे हातात दाबून वाजवायचे छोटे पेटीसारखे वाद्य, बोऱ्हान नावाचा हातात धरायचा चामडी डफ आणि कधी इलन पाइप्स ही आयरिश बॅगपाइप घेऊन वादक भजनी मंडळासारखे एकमेकांकडे तोंड करून कोपऱ्यात बसतात आणि एका चालीतून दुसरीत शिरतात. ते श्रोत्यांसाठी वाजवत नाहीत, श्रोत्यांच्या उपस्थितीत वाजवतात. म्हणून फर्माईश करण्याचा मोह आवरावा.

दिवसासाठी डिंगलजवळच्या स्ली हेड या समुद्रात घुसलेल्या टोकाचा सुमारे 47 किलोमीटरचा वळसा पुरेसा आहे. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, पण रस्ता इतका अरुंद की घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच जाणे शहाणपणाचे. दगडी बांध, मेंढ्या, चुन्याशिवाय रचलेले गॅलरसचे प्रार्थनामंदिर आणि समोर ब्लास्केट बेटे, जेथील उरलेल्या रहिवाशांना 1953 मध्ये मुख्य भूमीवर आणावे लागले, हे सारे पावसात पाहावे लागण्याचीच शक्यता अधिक. खानापूर-जांबोटीचा पावसाळा काढलेल्यांना त्याचे काही वाटणार नाही. ज्याची गाडी चालवण्याची पाळी असेल त्याने आदल्या रात्रीपासूनच जपावे, कारण मद्यपानाच्या मर्यादेबाबत कायदा कडक आहे.

सीमाभागातील माणसाची नजर पाट्यांकडे आधी जाते. डिंगल परिसर आयरिश भाषिक असल्याने 2005 मध्ये सरकारने गावाचे इंग्रजी नाव अधिकृत वापरातून काढले, तर 2006 मध्ये गावकऱ्यांनी मोठ्या बहुमताने दोन्ही नावे मागितली आणि पुढे ती मिळालीही. याविषयी पबमध्ये विचारले असता लोक मनमोकळे बोलले, हे मला विशेष वाटले.

भारतीय पासपोर्टला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो, युरोपातील अनेक देशांत चालणारा शेंगेन व्हिसा येथे चालत नाही. डिंगलपर्यंत रेल्वे नाही. ट्रली या केरीतल्याच शहरात रेल्वेतून उतरून बस घ्यावी लागते. मुले सोबत असतील तर रात्री नऊनंतर, मे ते सप्टेंबर या काळात दहानंतर, त्यांना पबमध्ये बसता येत नाही, त्यामुळे सहकुटुंब जाणाऱ्यांनी संगीताची वेळ आधीच विचारून घ्यावी.