सीपॅनेलचं लॉगिन: क्लायंट एरियातून की थेट २०८३ वरून?

सीपॅनेल म्हणजे होस्टिंगवरची वेबसाइट, फाइली आणि मेल सांभाळायचं पॅनेल. त्यात शिरायचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे होस्टिंग कंपनीच्या क्लायंट एरियात लॉगिन करून तिथलं बटण दाबायचं. दुसरा म्हणजे ॲड्रेस बारमध्ये सर्व्हरचं नाव, कोलन आणि २०८३ हा पोर्ट क्रमांक टाकून थेट लॉगिनचं पान उघडायचं. (सीपॅनेलऐवजी प्लेस्क हे पॅनेल असेल तर हाच आकडा ८४४३, डायरेक्टॲडमिनला २२२२.) पोहोचायचं एकाच ठिकाणी, म्हणून बरीच वर्षं मी बटणच दाबत होतो.

बटणाची सोय आहेच. सीपॅनेलचं वेगळं युजरनेम-पासवर्ड सांभाळावं लागत नाही. बिलं आणि सपोर्टची तिकिटंही तिथेच.

माझं बिनसलं ते ओटीपीवरून. आमच्या कंपनीचा क्लायंट एरिया नोंदवलेल्या ईमेलवर ओटीपी पाठवतो आणि मी दिलेला पत्ता माझ्याच डोमेनचा, म्हणजे त्याच होस्टिंगवरचा. एका रात्री बॅकअपच्या झिप फाइली साठून डिस्क कोटा भरला आणि मेल यायचे थांबले. जागा करायची तर सीपॅनेल हवं, सीपॅनेलसाठी ओटीपी हवा आणि ओटीपी निघालेला त्या तुंबलेल्या मेलबॉक्सकडे! सपोर्टला कळवावं म्हटलं, तर तिकीट टाकायलाही आधी लॉगिन. पत्ता निवडण्यातली चूक माझीच, पण हे लक्षात यायला 'पुन्हा पाठवा' चार-पाच वेळा दाबून झालं होतं.

शेवटी होस्टिंग घेताना आलेलं सीपॅनेलचं युजरनेम पासवर्ड मॅनेजरमध्ये सापडलं. २०८३ वरून आत गेलो, फाइल मॅनेजरमधून तीन जुन्या झिप उडवल्या. थोड्या वेळाने सगळे ओटीपी एकदमच येऊन पडले, मुदत संपलेले.

थेट मार्गाचेही नखरे आहेत. काही ऑफिसांच्या फायरवॉलमध्ये २०८३ बंद असतं. तिथे डोमेनच्या आधी 'सीपॅनेल' आणि टिंब लावलेला पत्ता बहुधा चालतो, कारण तो वेबसाइटच्या नेहमीच्या ४४३ या पोर्टवरून जातो. मात्र डीएनएस (कुठलं नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं याच्या नोंदी) दुसरीकडे हलवताना या पत्त्याचं रेकॉर्ड सोबत नेलं नसेल, तर हा पत्ता उघडत नाही. म्हणून बुकमार्क सर्व्हरच्या नावाचाच बरा. पासवर्ड सारखा चुकला तर सीपीहल्क हा सीपॅनेलचा पहारेकरी काही काळ बाहेर ठेवतो; मीही एकदा कॅप्स लॉकपायी बाहेर बसलोय. आणि २०८२ च्या वाटेला जाऊ नका, ते एन्क्रिप्शनशिवायचं आहे.

डेव्हलपरला आत घ्यायचं असेल तर मात्र मला थेट लॉगिनच सोयीचं वाटतं. क्लायंट एरियाचा पासवर्ड दिला की बिलं आणि बऱ्याचदा डोमेनही त्याच्या हाती जातं. सीपॅनेलचा दिला, तर तो एका खात्यापुरता राहतो आणि काम झालं की बदलता येतो.

तुमचा नोंदवलेला ईमेल दुसरीकडचा असेल आणि पॅनेलमध्ये महिन्यातून एकदाच डोकावत असाल, तर बटण पुरेल. मी मात्र २०८३ चा बुकमार्क केलाय आणि सीपॅनेलचंच टू-फॅक्टर चालू केलंय: ॲपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारे सहा आकडे, मेलचा संबंधच नाही. काही कंपन्या ती सोय बंद ठेवतात, तेवढं आधी विचारून घ्या. क्लायंट एरियात आता बिल भरण्यापुरता जातो. तिथला ईमेल बदलायलाही गेलो होतो. त्यासाठीचा ओटीपी अर्थातच जुन्याच पत्त्यावर आला.