पिटो-स्टॅटिकच्या नळ्या: अ‍ॅल्युमिनियम, नायलॉन की किटमधलीच?

विमानाच्या पंखाचा खालचा पत्रा रिवेट करून बंद करायच्या आधी पिटोची नळी कशाची टाकायची हे पक्कं झालेलं असावं. पिटो समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेतो, स्टॅटिक आजूबाजूच्या स्थिर हवेचा, आणि वेग-उंची दाखवणारी इन्स्ट्रुमेंटं याच दाबांवर चालतात. नंतर मन बदललं तरी हात घालायला जागा उरत नाही. घरी बांधायच्या विमानांत ऑरेगनच्या व्हॅन्स कंपनीची आरव्ही मालिका सगळ्यात जास्त दिसते, म्हणून तीच डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

पर्याय मुख्यतः तीन. पाव इंची मऊ अ‍ॅल्युमिनियमची नळी, 3003-ओ प्रतीची, टोक फनेलसारखं पसरवून (फ्लेअर करून) एएन फिटिंगने, म्हणजे विमानांच्या प्रमाणित जोडाने, जोडायची. दुसरा, पाव इंची नायलॉन किंवा पॉलिएथिलीनची नळी आणि दाबून बसवायचे जोड. घरच्या आरओ फिल्टरला असतात तसेच. तिसरा, आरव्हीच्या बऱ्याच किटांत मिळते ती पारदर्शक मऊ नळी, जी स्टॅटिकच्या रिवेटवर आतून नुसती सरकवून सिलिकॉनने चिकटवतात.

आधी दाबाचा अंदाज घेऊ, कारण ‘धातू मजबूत’ या एका मुद्द्यावर निर्णय घेणारे बरेच असतात. समुद्रसपाटीला 100 नॉट वेगाने जाताना पिटोत येणारा जास्तीचा दाब जेमतेम 165 मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. एवढ्याने कुठलीच नळी फुटत नाही. खरा त्रास बारीक गळतीचा आणि आत साचणाऱ्या पाण्याचा. वजनावरूनही ठरवू नका. अ‍ॅल्युमिनियम मीटरला 40 ग्रॅमच्या आसपास, नायलॉन त्याच्या निम्मं. अख्ख्या विमानात मिळून फरक पाव किलोच्या आतबाहेर.

अ‍ॅल्युमिनियमचा मोठा गुण म्हणजे ते दिलेला आकार धरून ठेवतं. पिटोकडे हलका उतार देऊन बसवलं की वर्षानुवर्षं तसंच राहतं, मध्ये झोळ पडून पाणी साचत नाही. उष्णतेचीही भीती नाही. पण प्रत्येक जोडाला फ्लेअर आला, आणि तो 37 अंशांचाच हवा. मोटारीच्या ब्रेकलाइनसाठी मिळणारं अवजार 45 अंशांचं असतं. तो फ्लेअर एएन फिटिंगवर बसल्यासारखा वाटतो, पण नीट सील होत नाही. कापलेल्या कडेचा बर, म्हणजे तिथे उठलेली धारदार किनार, काढला नाही तर फ्लेअरला बारीक चीर जाते. पॅनेलच्या मागे तर अ‍ॅल्युमिनियम नकोच म्हणेन मी. एखादं इन्स्ट्रुमेंट दुरुस्तीला काढायचं तर कडक नळ्या आड येतात आणि पुन्हा पुन्हा वाकवून तडकतात.

नायलॉनचं काम तासाभरात उरकतं, पण सगळं कापण्यावर अवलंबून आहे. या जोडात रबरी रिंग नळीच्या बाहेरच्या अंगाला आवळून बसते. पकडीने नळी कापली की टोक चपटं, लंबगोल होतं आणि रिंग एका बाजूने सुटते. नळी कापायचं खास कटर किंवा नवं पातं घ्या, टोक काटकोनात कापा, शेवटच्या इंचभरात उभा ओरखडा नाही ना ते नखाने तपासा. मग आत ढकलताना पहिल्या अडथळ्यापाशी थांबू नका. तिथे रिंग लागते, नळी त्यापुढेही जायला हवी. पूर्ण बसल्यावर ओढून बघा.

खरेदीत एक फसगत सहज होते. भारतात औद्योगिक दुकानांत 6 मिलिमीटरच्या नळ्या आणि जोड सर्रास मिळतात. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर. 6 ची नळी पाव इंची जोडात घुसते, अडकतेसुद्धा, आणि गळते. नळी आणि जोड एकाच मापाचे, शक्यतो एकाच बनावटीचे घ्या. अमेरिकेत असाल तर सेफएअर-1सारखा तयार संच महाग पडतो, पण इन्स्ट्रुमेंटच्या 1/8 इंची आट्यांना बसणारे जोड त्यात शोधावे लागत नाहीत. एअरक्राफ्ट स्प्रूस किंवा मॅकमास्टर-कार या विक्रेत्यांकडून सुटं घेतलंत तर स्वस्त, फक्त यादी नीट करावी लागते. पिटो, स्टॅटिक आणि अँगल ऑफ अटॅक (पंखाचा समोरच्या हवेशी होणारा कोन) यांना वेगवेगळ्या रंगांच्या नळ्या घ्याच. गार्मिनच्या जीएपी 26 सारख्या पिटोला दोन नळ्या निघतात आणि पॅनेलमागे उताणं झोपून कोणती कुठली हे ओळखणं कठीण जातं.

माझी निवड मिश्र आहे. हीटर असलेला पिटो असेल तर त्याच्यापासून पहिला फूटभर तरी अ‍ॅल्युमिनियमच, कारण तापलेल्या टोकाशी प्लास्टिक मऊ पडतं. पुढे पंखात दोन्ही चालतात. धड आणि पॅनेल पूर्ण नायलॉनचं. मऊ पारदर्शक नळी मी टाळतो. ती वर्षांनी पिवळी, ताठर होते आणि रिवेटवरून सुटू शकते. ती केबिनच्या मागे सुटली तर स्टॅटिक केबिनमधली हवा वाचू लागतं. बहुतेक लहान विमानांत तिथला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी असतो, म्हणून वेग आणि उंची दोन्ही खऱ्यापेक्षा जास्त दिसतात. उतरताना वेग जास्त दिसणं म्हणजे प्रत्यक्षात तुम्ही हळू आहात.

स्टॅटिकच्या तोंडाशी मात्र कलाकारी नको. आरव्हीचं स्टॅटिक म्हणजे घुमटाकार डोक्याचा साधा पॉप रिवेट. दिसायला ओबडधोबड, म्हणून लोक पत्र्याला सपाट बसणारं देखणं पोर्ट लावतात आणि वेग काही नॉटांनी चुकतो. तो उंचवटा हवा कशी वळते हे ठरवतो, डिझाइन त्याच्यासकट केलेलं आहे. स्टॅटिकमुळे 100 नॉटला 5 नॉटांची चूक होत असेल तर उंचीही 45 फुटांच्या आसपास चुकते. दोन्ही बाजूंची पोर्टं टीने (तीन तोंडांच्या जोडाने) जोडा आणि नळी आधी वर चढवून मग पुढे न्या, म्हणजे पावसाचं पाणी इन्स्ट्रुमेंटपर्यंत जाणार नाही. आट्यांवर टेफ्लॉन टेप नको, तिचे तुकडे आत जातात.

गळतीची चाचणी: अमेरिकी नियमांत स्टॅटिकमधली हवा ओढून अल्टिमीटर (उंचीमापक) 1000 फूट वर न्यायचा आणि ओढणं थांबवल्यावर एका मिनिटात 100 फुटांपेक्षा जास्त उतरता कामा नये. आयएफआर, म्हणजे बाहेर न बघता इन्स्ट्रुमेंटच्या आधारे उडायच्या नियमांनी, उडणार असाल तर दर 24 महिन्यांनी ही चाचणी सक्तीची आहे. घरी मोठी सिरिंज आणि टी वापरून करता येते, पण टीने पिटो आणि स्टॅटिक एकत्र जोडूनच ओढा. एकट्या स्टॅटिकमधून 1000 फुटांइतकी हवा ओढली तर एअरस्पीडचा काटा 150 नॉटांच्या आसपास जातो, आणि 120 नॉटांपर्यंतच आकडे असलेलं इन्स्ट्रुमेंट तिथेच खराब होतं. सोडतानाही हवा हळूहळू आत येऊ द्या. ही चाचणी पत्रा बंद करायच्या आधी एकदा आणि पॅनेल जोडल्यावर पुन्हा करा.