सगळे टॅग एकाच मॉड्यूलमध्ये, की एचटीएमएल-एसव्हीजी वेगळे?

पायथॉनमधून एचटीएमएल तयार करणारी स्वतःची लायब्ररी वाढायला लागली की तिची मांडणी बदलायची वेळ येतेच. प्रत्येक टॅगसाठी एक फंक्शन असतं; ती सगळी एकाच मॉड्यूलमध्ये (कोडच्या फाइलमध्ये) ठेवायची, की एचटीएमएलची आणि एसव्हीजीची (चित्र काढणाऱ्या टॅगची) वेगळी? मी दोन्ही मांडण्या वापरल्या आहेत. सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याची कोटेशन माझ्या लायब्ररीतून निघतात. दरांचा तक्ता एचटीएमएलमध्ये, किनारीची नक्षी एसव्हीजीमध्ये.

एका मॉड्यूलचं सुख खरं आहे. वर एक स्टार इम्पोर्ट (मॉड्यूलमधली सगळी नावं एकदम आणणारी ओळ) टाकायचा आणि खाली सरळ टेबल, टीआर, टीडी लिहीत जायचं. कोड वाचताना पान डोळ्यांसमोर उभं राहतं. एकट्याचं, एकाच पानाचं काम असेल तर मी आजही याला नको म्हणणार नाही.

मला नडलं ते एका नावामुळे. मॅप, ऑब्जेक्ट, इनपुट हे टॅगही आहेत आणि पायथॉनची स्वतःची नावंही. एसव्हीजी आलं की फिल्टर आणि सेटची भर. डेल हा कीवर्डच (राखीव शब्द) असल्यामुळे तिथे पायथॉन लगेच अडवतो, पण इनपुटला अडवत नाही; माझा टॅग गुपचूप पायथॉनच्या, टर्मिनलवर प्रश्न विचारणाऱ्या इनपुटची जागा घेतो. माझी स्क्रिप्ट टर्मिनलवर नग विचारायची. एकदा मी लायब्ररीत फॉर्मचे टॅग घातले आणि तिनं नग विचारणंच सोडून दिलं. एरर काही नाही. इनपुटनं टॅग बनवला, तो मुकाट तक्त्यात जाऊन बसला आणि नगांच्या रकान्यात रिकामी चौकट छापली गेली. दर नगाचा असायचा, एकूण रक्कम कारखान्यात हातानं काढायचे, त्यामुळे गुणाकारही कुठे अडला नाही. चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा कळलं. त्या दिवशी फार ओशाळायला झालं.

प्रत्येक टॅगच्या नावाशेवटी अंडरस्कोर लावणं हाही एक मार्ग आहे. हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेतली ल्युसिड लायब्ररी तसंच करते. हास्केलचीच ब्लेझ-एचटीएमएल मात्र टॅग आणि अ‍ॅट्रिब्यूट (टॅगला जोडायचे गुणधर्म) वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवते, कारण टायटल, स्टाइल, फॉर्म, लेबल दोन्हीकडे आहेत. पायथॉनमध्ये अ‍ॅट्रिब्यूट कीवर्ड आर्ग्युमेंट म्हणून, फंक्शनच्या कंसात नावानिशी, देता येतात, म्हणून तो तंटा उरत नाही. पण एचटीएमएल आणि एसव्हीजीचा उरतो. ए, टायटल, स्टाइल, स्क्रिप्ट दोघांचेही आहेत, आणि अंडरस्कोर लावला तरी नाव एकच राहतं. शिवाय टॅग बंद करायचे नियम वेगळे. एसव्हीजीतला पाथ स्वतःच बंद झालेला चालतो. एचटीएमएलमधला स्क्रिप्ट तसा लिहिला तर ब्राउझर तो उघडाच समजतो आणि पुढचं पान गिळतो. मॉड्यूल वेगळी असली की प्रत्येकाचा नियम एकाच जागी लिहिता येतो.

वेगळ्या मॉड्यूलमध्ये दर टॅगच्या आधी मॉड्यूलचं छोटं नाव, एच किंवा एस, आणि टिंब लिहावं लागतं. सुरुवातीचे काही दिवस हाताला ते खुपतं, मला तरी पुढे जाणवलं नाही. इनपुट मात्र पुन्हा नग विचारायला लागला.

बदल करणार असाल तर स्क्रिप्टशेजारच्या फाइलला नुसतं एचटीएमएल हे नाव देऊ नका. पायथॉनचं त्याच नावाचं मॉड्यूल झाकलं जातं आणि त्यातलं एस्केप, म्हणजे मजकुरातली खास चिन्हं सुरक्षित करणारं फंक्शन, हाती लागत नाही. जुनी नावं एकदम काढू नका. पायथॉन 3.7 पासून मॉड्यूललाच गेटअ‍ॅट्र फंक्शन देता येतं, ते न सापडलेलं नाव मागितलं की चालतं, त्यातून जुनं नाव चालू ठेवून वॉर्निंग दाखवता येते. स्टार इम्पोर्ट वापरणाऱ्यांसाठी ती नावं मॉड्यूलच्या ऑल यादीतही (स्टार इम्पोर्टनं काय द्यायचं ते सांगणाऱ्या) लागतात. डिप्रिकेशन वॉर्निंग (हे नाव आता वापरू नका अशी सूचना) मुख्य स्क्रिप्टबाहेरच्या कोडमध्ये एरवी दिसत नाही, म्हणून ती मुद्दाम चालू करून सगळ्या स्क्रिप्ट एकदा चालवून बघा.