डावीकडच्या दाढेचं इम्प्लांट, १६ महिने वापरल्यावर

इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू आणि त्याच्यावर दाताची कॅप. त्याबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक बसवल्यावर पंधरा दिवसांत लिहिलेलं असतं, सूज उतरलेली असते, माणूस खुश असतो, आणि पुढे त्या दाताचं काय झालं ते कोणी सांगत नाही. म्हणून मी मुद्दाम थांबले होते. वय ४७, खालची डावीकडची पहिली मोठी दाढ, कोथरूडमधल्या एका छोट्या क्लिनिकमध्ये एका डॉक्टर मॅडमकडून केलं, वरची कॅप बसून आता १६ महिने झाले. माझ्याच तोंडात उजवीकडे ११ वर्षांचा जुना ब्रिज (शेजारच्या दोन दातांच्या आधाराने बसवलेला दात) आहे आणि घरात सासूबाईंना पूर्ण कवळी आहे, त्यामुळे तिन्ही प्रकार रोज बघते.

दाढ गेली कशी ते आधी सांगते कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच झालं. २०१२ मध्ये त्या दाढेचं रूट कॅनाल केलं होतं. डॉक्टर म्हणाले होते कॅप लगेच बसवून घ्या, पण दुखायचं थांबलं होतं, मुलगी लहान होती, ऑफिस होतं, कॅप राहिली ती राहिलीच. रूट कॅनाल केलेली दाढ आतून बरीच कोरलेली असते, उरलेल्या भिंती पातळ असतात, त्यांना वरून घट्ट टोपी लागते, हे मला तेव्हा नीट कळलंच नव्हतं. २०१८ च्या थंडीत भाजलेले शेंगदाणे खाताना ती उभी चिरली, चीर पार मुळापर्यंत, म्हणजे वाचवण्यासारखं काही उरलं नाही. काढली. आणि मग त्या रिकाम्या जागेचं मी ६ वर्षं काहीही केलं नाही, मागची दाढ कोणाला दिसते असं म्हणत राहिले.

दिसत नाही हे खरं पण तोंडाच्या आत बरंच काही चालू असतं. मागची दाढ हळूहळू रिकाम्या जागेत कलली. वरच्या दाढेला खालून टेका उरला नाही म्हणून ती खाली उतरली. आणि हाड बारीक झालं. दाताचं मूळ आहे तोवर त्याच्या भोवतीचं हाड टिकतं, दात काढला की ते विरघळायला लागतं, पहिल्या काही महिन्यांत तर फारच वेगाने. स्कॅनवर मॅडमनी मला दाखवलं, उजवीकडे हाडाची कड रुंद आणि डावीकडे सुरीच्या पात्यासारखी निमुळती. बघून खरंच वाईट वाटलं. सहा वर्षांपूर्वी आले असते तर साध्या इम्प्लांटवर भागलं असतं, आता हाडाची पावडर भरावी लागली, त्याचे ९ हजार वेगळे, थांबायचा काळ वेगळा, शिवाय वरची उतरलेली दाढ थोडी घासून घ्यावी लागली. सगळं मिळून मला ५३ हजार लागले. मेडिक्लेममध्ये काही बसलं नाही.

स्कॅन तो थ्रीडी वाला, सीबीसीटी म्हणतात. तो न काढता इम्प्लांट करू या म्हणणाऱ्याकडे मी गेले नसते. खालच्या जबड्यात दाढांच्या खालून एक नस जाते, खालच्या ओठाला आणि हनुवटीला जाणीव तिच्यामुळे असते, ड्रिल तिच्यापर्यंत गेलं तर ओठ बधिर राहू शकतो. वरच्या मागच्या दाढांना हाडाच्या वर सायनसची पोकळी असते, तिथे वेगळी काळजी. साध्या एक्सरेमध्ये हाडाची उंची दिसते पण रुंदी कळत नाही.

प्रत्यक्ष बसवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम निघालं. मार्च २०२४, सकाळी साडेदहाला खुर्चीत बसले, सव्वाअकराला बाहेर. इंजेक्शनची टोचणी सोडली तर दुखलं नाही, पण ड्रिलची थरथर अख्ख्या कवटीत जाणवते आणि ते मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं, कारण दुखत नसूनही मी हाताच्या मुठी घट्ट आवळून बसले होते. मॅडम मध्येमध्ये "ताई, श्वास घ्या, झालंच आता" म्हणत होत्या. तिसऱ्या दिवशी गाल सगळ्यात जास्त सुजला, मग उतरला. आठवडाभर मऊ भात, नाचणीची आंबील, मुगाची पातळ खिचडी. दहाव्या दिवशी टाके काढले.

आणि मग वाट बघायची. चार महिने. हिरडीत एक गोल चकचकीत धातूचं झाकण दिसतं, बाकी काही नाही. मी दर आठवड्याला वैतागत होते, पण हे चार महिने हाच खरा उपचार आहे हे मॅडमनी समजावलं तेव्हा पटलं. हाड टायटॅनियमला चिकटतं, पण आपल्या गतीने, त्याला घाई करता येत नाही. हे लक्षात कसं आलं ती गोष्टही त्यांनीच सांगितली, मला ती इतकी आवडली की नंतर मी शोधून वाचली. स्वीडनमधले ब्रोनेमार्क म्हणून संशोधक होते, १९५२ च्या सुमाराला ते सशाच्या हाडाचा अभ्यास करत होते, दात वगैरे डोक्यातही नव्हतं. हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काम झाल्यावर काढायला गेले तर निघेचना, हाडाने ते धरून ठेवलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला असे स्क्रू बसवले, योस्टा लार्सन त्यांचं नाव, जन्मापासून जबड्यात दोष होता. ते गृहस्थ २००६ मध्ये वारले तोपर्यंत, म्हणजे ४० वर्षं, ते इम्प्लांट कामात होते. मी "किती टिकेल हो हे" विचारलं त्यावर हे उत्तर होतं, आणि लगेच पुढचं वाक्य, "पण साफ ठेवलं तर."

जुलैमध्ये कॅप बसली. माप घ्यायला तो तोंडभर लगदा नाही, पेनासारखा कॅमेरा फिरवला आणि स्क्रीनवर माझा जबडा उभा राहिला. झिर्कोनियाची, म्हणजे पांढऱ्या कडक सिरॅमिकची कॅप, स्क्रूने कसलेली, वरचं भोक दाताच्या रंगाच्या मसाल्याने बुजवलं. स्क्रूने कसलेलीच घ्या असं मी सगळ्यांना सांगते, का ते पुढे येईलच.

आता रोजचा वापर. पहिला महिना मी त्या बाजूने चावायला घाबरायचे, नंतर कधी विसरले कळलंही नाही. ज्वारीची भाकरी, बाकरवडी, पेरू, चिक्की, सगळं त्या बाजूने खाते. एक फरक मात्र आहे आणि तो कोणीच आधी बोलत नाही. खऱ्या दाताच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो, तो गादीचं आणि जाणिवेचं काम करतो, भातात बारीक खडा आला तरी त्याच्यामुळे जबडा आपोआप थांबतो. इम्प्लांट थेट हाडात, मध्ये पडदा नाही, त्यामुळे त्या दाताला खडा उशिरा कळतो. चावणं शंभर टक्के, जाणीव थोडी मुकी. सवय होते पण तो माझा जुना दात नाही हे मला आजही जेवताना कळतं.

दोनदा अडचण आली. तिसऱ्या महिन्यात कॅप आणि मागची कललेली दाढ यांच्यामध्ये मेथीची, शेपूची पानं अडकायला लागली, प्रत्येक जेवणानंतर हिरडी ठसठसायची. फट राहिली होती. कॅप स्क्रूची असल्यामुळे काढून लॅबला पाठवता आली, बाजू भरून आठवड्यात परत बसवली, सिमेंटने चिकटवलेली असती तर बहुधा फोडूनच काढावी लागली असती. दुसरी अडचण दहाव्या महिन्यात, चावताना अगदी किंचित टकटक असं जाणवलं. मी रात्रभर झोपले नाही, वाटलं हाडातला स्क्रूच सुटला. पण तो जागेवर होता, कॅप धरणारा वरचा छोटा स्क्रू ढिला झाला होता. पाच मिनिटांत कसला, आणि कारण निघालं की मी झोपेत दात खाते, तर आता रात्री लावायला पारदर्शक गार्ड आहे. असं ढिलं लागलं तर लगेच जा, तसंच चावत राहिलात तर स्क्रू आत तुटू शकतो आणि मग काम अवघड. अजून एक, इम्प्लांटच्या डबीवरचं कंपनी, साइज आणि लॉट नंबरचं स्टिकर मागून घ्या आणि फाइलमध्ये ठेवा. प्रत्येक कंपनीचा स्क्रू आणि पाना वेगळा, उद्या गाव बदललं किंवा डॉक्टर बदलले तर तो कागदच उपयोगी पडतो.

सफाईचं म्हणाल तर इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं, पण भोवतालची हिरडी आणि हाड तर आपलंच आहे. तिथे घाण साचली की हिरडी सुजते, रक्त येतं, मग खालचं हाड झिजायला लागतं आणि दुखतंच असंही नाही. मी रात्री बारीक बाटलीब्रशसारखा ब्रश दोन्ही बाजूंनी फिरवते आणि पाण्याच्या फवाऱ्याचं मशीन वापरते, मिळून तीन मिनिटं. दर सहा महिन्यांनी दाखवायला जाते, जुलैमधल्या एक्सरेमध्ये हाड जागेवर होतं.

उजवीकडच्या ब्रिजचंही सांगते. तो २०१४ चा, १० दिवसांत झाला, तेव्हा १६ हजार लागले, आणि इतकी वर्षं काम दिलं त्याने. पण मधला एक दात लावायला दोन्ही बाजूचे धडधाकट दात कोरून बारीक केले होते, आणि गेल्या वर्षी त्यातल्या एकाला कॅपखाली कीड निघाली, कॅपला भोक पाडून रूट कॅनाल करावं लागलं. तो आधाराचा दात गेला तर अख्खा ब्रिज जाईल ही धास्ती आता कायम आहे. शेजारच्या दातांना तशाही कॅप लागणारच असतील तर ब्रिज मला आजही पटतो. शेजारचे दात चांगले असतील तर त्यांना हात लावू देऊ नका एवढंच माझं म्हणणं.

सासूबाई ७८ वर्षांच्या. त्यांची वरची कवळी टाळूला घट्ट बसते, खालची मात्र "नाचते गं नुसती" असं रोज जेवताना म्हणतात. खाली टाळूसारखा आधार नाही, जीभ सारखी हलवते, आणि हाडाची कड वर्षानुवर्षं झिजून सपाट झालीये, कवळी चार वर्षांत दोनदा आतून भरून घेतली तरी तेच. त्या आता भाकरी दुधात कुस्करून खातात, लग्नाकार्यात पंगतीला बसायचं टाळतात, त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यांना लोकांमध्ये बसून जेवायला किती आवडतं ते मी पंचवीस वर्षं बघतेय. मॅडमनी सुचवलंय की खाली समोर दोनच इम्प्लांट घालू आणि कवळी त्यांच्यावर टिचबटणासारखी अडकवू, रात्री काढून धुता येते. खाली एकही दात नसलेल्यांना निदान इतकं तरी द्यावं असं २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटलं होतं. अडचण होती शुगरची, तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ८.६ होती, साखर चढी असली की जखम नीट भरत नाही आणि जंतू धरतात, म्हणून मॅडमनी आधी ती खाली आणा म्हणून सांगितलं.

सासूबाई गेले पाच महिने सकाळ-संध्याकाळ सोसायटीत चालतायत, रात्रीचा भात बंद केलाय. परवाचा रिपोर्ट ७.१ आला. शनिवारी त्यांना स्कॅनला घेऊन जातेय, हाड किती उरलंय ते त्यात कळेल.