१.६७ची पातळ काच, आठ महिन्यांनी: ट्यूबलाइटला नारिंगी-निळी किनार

गेल्या आठवड्यात नव्या चष्म्याची काडी तुटली. दुरुस्त होईपर्यंत तीन दिवस जुना चष्मा लावला, सोडावॉटरच्या बाटलीच्या तळासारखा. तेव्हा कळलं, आमच्या घरची ट्यूबलाइट अजून पांढरीच आहे!

माझा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस ७. नवी काच १.६७ची (हा तिचा वक्रीभवनांक, म्हणजे ती प्रकाश किती वळवते ते; आकडा मोठा, तितकी त्याच नंबरची काच पातळ), हलकी, नाकावर वळ उठत नाहीत, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार किनारीची. मान सरळ ठेवून नुसते डोळे वर केले की ट्यूबची वरची कड नारिंगी, खालची निळी. नाक्यावरच्या दुकानाची जांभळी एलईडी पाटी तिरकी पाहिली की फुटून लाल आणि निळी अशी दोनदा दिसते. एक्सेलच्या कोपऱ्यातले आकडे तर विचारू नका.

आधी मी कोटिंगवर खापर फोडलं. दुकानदाराशी दोनदा वाजलं. "नंबर बरोबर आहे, सवय होईल," हे त्याचं पालुपद. शेवटी वैतागून त्याने काचा फुकट बदलून दिल्या. किनार जशीच्या तशी.

म्हणजे तो खरं बोलत होता, पण अर्धंच. निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वळतो. काच हे रंग किती फाकवते ते अ‍ॅबे अंक सांगतो; अंक कमी, तितकी झालर जास्त. जुन्या सीआर-३९ प्लास्टिकचा ५८, १.६७चा ३२च्या आसपास. काचेच्या मध्यातून पाहिलं तर काहीच दिसत नाही, कडेला वाढत जातं. मध्यापासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये, गुणिले नंबर, भागिले अ‍ॅबे. दीड सेंटिमीटरवर माझं उत्तर ०.३३, जुन्या काचेत ०.१८. डोळ्याला ०.१पासून जाणवू लागतं असं धरतात. मग जुन्यात का नाही टोचलं? फ्रेम एवढीशी होती, डोळा तितका कडेला जायचाच नाही.

इथे चूक माझी. मोठी फ्रेम मीच हौसेने उचलली. मोठ्या फ्रेममुळे मायनसची कड जाड होणार, म्हणून पातळ काच, म्हणून वरचे ३,८०० रुपये! पण १.६०मध्ये ४१ अ‍ॅबेची काच मिळते, जरा जाड आणि स्वस्त. ती दुकानदाराने दाखवलीच नाही, हे मी विसरणार नाही.

काडी ८० रुपयांत बसली. स्क्रीनसमोर जुनाच चष्मा, नवा लग्नाकार्याला.