सिंगल फिन बोर्डाचं ट्विन केलं, तेही होड्यांच्या फायबर मिस्त्रीकडून

आधीच सांगते, हा सर्फ शॉपचा रिव्ह्यू नाहीये, आपल्या मालवणात तसलं दुकान आहे कुठे. बंदराच्या बाजूला एक फायबरवाले काका आहेत, मच्छीमारांच्या होड्या दुरुस्त करतात, त्यांच्याकडून मी माझा सर्फबोर्ड, म्हणजे लाटांवर उभं राहून सरकायचा बोर्ड, एका फिनचा दोन फिनचा करून घेतला. फिन म्हणजे बोर्डाखाली मागे लावलेलं सुकाणूसारखं पातं. नाव टाकत नाही, त्यांना फोनवरची गिऱ्हाइकं नको असतात. बंदरावर कुणालाही विचारा, दाखवतील.

माझा बोर्ड ७ फूट २ इंच, अंड्यासारखा गोलसर, मधे एकच लांब बॉक्स, म्हणजे फिन अडकवायची खाच, आणि त्यात ८ इंची फिन. सरळ लाइन धरून जायला झकास, पण आपल्या तारकर्ली-देवबागच्या लाटा कशा तर कमरेएवढ्या, मऊ, उभं राहून जरा सावरतोय तोवर पुळणीवर फुटून मोकळ्या. तेवढ्यात वळायचं म्हणजे सिंगल फिन ही घाटातली एसटी आहे, वळते, पण तिच्या हिशोबाने. दोन फिन असले की मधला अडथळा जातो, दोन्ही फिन रेलजवळ, म्हणजे बोर्डाच्या कडेजवळ असतात, बोर्ड जरा कलवला की त्या बाजूचा फिन लगेच पाणी पकडतो, म्हणून मऊ लाटेत पण स्पीड मिळतो. ऑस्ट्रेलियाच्या मार्क रिचर्ड्सने १९७९ ते १९८२ ओळीने चार सर्फिंग वर्ल्ड टायटल मारली ती ट्विन फिनवर. अर्थात ट्विन मोठ्या लाटेत घसरतं म्हणून वैतागून सायमन अँडरसनने तीन फिनचा थ्रस्टर केला आणि १९८१ ला त्याच्यावर ऑस्ट्रेलियातली बेल्स बीचची स्पर्धा जिंकून दाखवली, पण बेल्ससारख्या लाटा देवबागला कधी आल्या तर तेव्हा बघू.

बोर्ड घेऊन गेले एप्रिलमध्ये. काकांनी उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "ह्यो कसलो पाट गो? ह्येच्यार जेवूक बसतंस काय?" मग दोन फिन बसवायचेत म्हटल्यावर, "एक सुकाणू आसा मां, दुसरा कित्याक?" पंधरा मिनिटं समजावलं. पण एकदा कळल्यावर त्यांनी जे प्रश्न विचारले ना, आत फोम कुठला, आतमधे लाकडाची पट्टी आहे का, वरचं कापड किती जाड, ते मला यूट्यूबवाल्यांनी पण कधी विचारायला शिकवलं नव्हतं.

फोमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे जरा थांबते. होड्यांना वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन. तुमचा बोर्ड पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा असेल तर चालतं. पण बोर्ड इपॉक्सीचा असेल तर आत बहुतेक ईपीएस म्हणजे चक्क थर्माकोल असतो, आणि पॉलिएस्टर रेझिन त्याला खाऊन टाकतं. बंदी यायच्या आधी ज्यांनी गणपतीच्या थर्माकोलच्या मखरावर स्प्रे पेंट मारून बघितलाय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. माझा पीयू होता, वाचले. तुमचा इपॉक्सीचा असेल तर इपॉक्सी रेझिन स्वतः घेऊन जा, काकांकडे नसतं.

बॉक्सचं म्हणाल तर फ्युचर्स कंपनीच्या लांब बॉक्सला राउटर, म्हणजे खाच कोरायचं मशीन लागतं, ते काकांकडे नाही. म्हणून मी जुन्या पद्धतीचे एफसीएस कंपनीचे गोल प्लग (फिन अडकवायचे) मागवले, एका फिनला दोन, म्हणजे चार भोकं, ड्रिलला होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडायची करवत लावली की काम झालं. भोक आरपार जाऊ नये म्हणून काकांनी करवतीवर लाल टेप गुंडाळली, इथपर्यंतच. मापं मी देत होते: टेलपासून (बोर्डाचं मागचं टोक) सव्वासात इंच, रेलपासून सव्वा इंच, फिनचं पुढचं टोक आतल्या बाजूला पाव इंचाला थोडं कमी, आणि बाहेर कल ६ डिग्री. ही माझ्या बोर्डाची मापं आहेत, डोळे मिटून उचलू नका. प्लायचा साचा घरून कापून नेला होता, तो आता काकांकडेच ठेवलाय, पण कललेला कोन त्यात नाही, तो त्यांनी लाकडी पाचर लावून धरला.

एक भांडण झालं. भोकांवर वरून थर द्यायला काकांनी होडीची ४५० जीएसएमची (ग्रॅम दर चौरस मीटर) जाड फायबर मॅट काढली. म्हटलं काका, हे डोक्यावरून उचलून पुळणीतून न्यायचंय, ट्रॉलरला नाही लावायचं. ते म्हणे फुटला तर माझं नाव खराब. शेवटी साधारण २०० जीएसएमचं बारीक कापड घेतलं आणि वरच्या कोटात त्यांनी मेण घातलं, नाहीतर पॉलिएस्टर वरून चिकट राहतं. उन्हाळा म्हणून हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) अगदी कमी, तरी कालवलेल्या रेझिनचा एक मग आतल्या आत तापून धूर सोडायला लागला आणि फेकावा लागला.

आता खोट. पहिल्यांदा पाण्यात नेला तेव्हा उजवीकडे मस्त आणि डावीकडे काहीतरी अडल्यासारखं. घरी दोरा लावून मोजलं तर एक फिन ३ मिलीमीटर जास्त आत वळलेला. काका म्हणाले, "तीन मिलीमीटरान काय जाता?" होडीला जात नसेल, बोर्डाला जातं. तोंड वाकडं केलं पण त्या बाजूचे दोन्ही प्लग काढून परत बसवले, पैसे घेतले नाहीत. तिथे आता एक पिवळट डाग आहे. पांढऱ्या बोर्डावर तो दिसतो आणि मला रोज दिसतो.

चालतो कसा? पहिला अर्धा तास मी नुसती पडत होते, कारण पाय सिंगल फिनच्या सवयीने मागे जोर देतात आणि टेल सुळकन सुटते. पाय जरा पुढे घेतले, रेलवर वजन टाकलं, आणि मग ज्या लाटा मी आधी सोडून द्यायचे त्यांच्यावर पण दोन वळणं मिळायला लागली. पुढे चालत जाऊन नोजवर, म्हणजे पुढच्या टोकावर उभं राहायची मजा मात्र गेली, ते वाईट वाटतं. मधला बॉक्स बुजवला नाही हे शहाणपण केलं, ऑक्टोबरात लाट जरा उभी झाली तेव्हा त्यात ३ इंचाचा छोटा फिन टाकला आणि घसरणं निम्म्याने कमी झालं. मूड आला की दोन्ही काढून जुना ८ इंची परत लावते, बाजूला फक्त प्लगची भोकं दिसतात.

मजुरी ३५०० झाली, प्लग आणि फिन वेगळे, ते बाहेरून मागवल्यामुळे मजुरीपेक्षा महाग पडले. बोर्ड आठ दिवस राहिला, त्यातले पाच नुसते वाळण्यात, कारण टेलच्या जुन्या चिरेतून पाणी आत गेलं होतं आणि काका ओल्या फोमवर हात लावत नाहीत. १ जूनला मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढतात आणि ३१ जुलैपर्यंत त्यांना मान वर करायला वेळ नसतो, तेव्हा त्याच्या आधीच जा. आणि दुपारी एक ते चार जाऊ नका, झोपलेले असतात.